सूकरमद्दव, छत्राक आणि वारुळावरची अळंबी

गेल्या १ जानेवारीला कोरेगाव भीमा येथे विजयस्तंभाला मानवंदना देऊन परतताना आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने रस्त्याकडेच्या पुस्तकांच्या दुकानातून एक पातळशी पुस्तिका घेतली. चुंदाने भगवान बुद्धांना वाढलेले अखेरचे अन्न, ज्याला पाली ग्रंथांत ‘सूकरमद्दव’ म्हटले आहे, ते डुकराचे मांस नव्हतेच, ती रानातली एक अळंबी होती, आणि मांस म्हणणारे सगळे धम्माचे वैरी आहेत, असे तीत ठासून सांगितलेले होते. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तो माझ्याकडे आला. “सर, हे खरं आहे का?” असे त्याने विचारले, आणि मी काही बोलण्याआधीच आवाज खाली आणून म्हणाला, “अळंबी असली तर बरंच झालं ना, सर?”

पहिला प्रश्न पाली भाषेच्या अभ्यासकांचा आहे. दुसरा मात्र आपला आहे. बरे झाले, ते कोणाच्या दृष्टीने? कोणाच्या पंगतीत बसताना आपल्याला हा खुलासा खिशात ठेवावासा वाटतो? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी मनुस्मृतीपासून वाळवीच्या वारुळापर्यंत आणि तेथून अळंबीच्या जनुकसंचापर्यंत जाऊन पोहोचलो. इतिहास शिकविणाऱ्या माणसाने जीवशास्त्रात डोके घालावे काय, असे कोणी विचारील. परंतु ज्या समाजाचा इतिहास त्याच्या ताटावरून ठरविला गेला, त्या समाजातील शिक्षकाला ताटात काय होते हे तपासावेच लागते.

प्रथम ग्रंथांचा साक्षीपुरावा पाहू. महापरिनिब्बान सुत्तानुसार पावा येथे चुंद या कम्मारपुत्ताने, म्हणजे धातुकाम करणाऱ्या कारागिराच्या मुलाने, भगवंतांना व भिक्षुसंघाला भोजन दिले. सूकरमद्दव फक्त आपल्यालाच वाढावे आणि उरलेले पुरून टाकावे, असे भगवंतांनी त्याला सांगितले. त्यानंतर त्यांना रक्तातिसाराचा त्रास झाला आणि त्याच अवस्थेत ते कुसिनारेकडे चालत निघाले. ‘सूकर’ म्हणजे डुक्कर आणि ‘मद्दव’ म्हणजे मार्दव. परंतु हे डुकराचे मऊ मांस, की डुकराला आवडणारी मऊ वस्तू, हे शब्दावरून निश्चित होत नाही. बुद्धघोषाने दीघनिकायावरील अट्ठकथेत डुकराचे मांस असा अर्थ दिला. धम्मपालाने उदानावरील अट्ठकथेत त्याबरोबरच इतर मतेही नोंदविली: कोणी म्हणतात डुकरांनी तुडविलेल्या जागचे बांबूचे कोंब, कोणी म्हणतात तशाच जागी उगवलेले अहिच्छत्तक, म्हणजे भूछत्र, तर कोणी त्याला एक रसायन म्हणतात. पाचव्या शतकाच्या आरंभी दीर्घ आगमाचे चिनी भाषांतर झाले. त्यात डुकराचा उल्लेखच नाही. तेथे चंदनाच्या झाडावर उगवणाऱ्या ‘झाडाच्या काना’चा, म्हणजे झाडावरच्या अळंबीचा उल्लेख आहे. तेव्हा अळंबीचे मत पुस्तिकाकाराने हवेतून काढलेले नाही. ते किमान दीड हजार वर्षांचे आहे. मांसाचे मतही तितकेच जुने आहे, आणि ते वैऱ्यांचे नव्हे, थेरवादी आचार्यांचे आहे. मराठीत धर्मानंद कोसंबींनी १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांसाचाच अर्थ स्वीकारला आणि प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराची चर्चा करून मोठा रोष ओढवून घेतला. कोसंबींना कोणी धम्माचा वैरी म्हणणार असेल तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

भिक्षूने मांस खाऊच नये, अशी मागणी देवदत्ताने केली होती आणि बुद्धांनी ती नाकारली होती. आपल्यासाठी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले वा तशी शंका असलेले मांस घेऊ नये, एवढेच बंधन विनयात आहे. म्हणजे सूकरमद्दव मांस असते तरी बुद्धांचे काही बिघडत नाही. बिघडते ते आपल्या मनात, आणि तेथे बिघाड करणारा ग्रंथ पाली नव्हे, संस्कृत आहे.

मनुस्मृतीचा पाचवा अध्याय भक्ष्याभक्ष्याचा आहे. त्यात आरंभीच लसूण, कांदा यांच्या जोडीला ‘कवक’, म्हणजे अळंबी, द्विजांना अभक्ष्य ठरविली आहे, आणि जे जे अमेध्यातून, घाणीतून उपजते ते सर्व वर्ज्य केले आहे. पुढे एकोणिसाव्या श्लोकात सहा पदार्थांची यादी येते: छत्राक, गावडुक्कर, लसूण, गावकोंबडा, कांदा आणि गृंजन. हे जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो. न जाणता खाल्ले तर कृच्छ्र सांतपन किंवा यतिचांद्रायण प्रायश्चित्त. ही यादी माझ्या विद्यार्थ्यापुढे ठेवली तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला. छत्राक पहिले, गावडुक्कर दुसरे. दोन्ही एकाच श्लोकात, एकाच ओळीत, एकाच शिक्षेचे धनी! म्हणजे ज्या पंगतीसाठी आपण डुक्कर काढून अळंबी वाढू पाहत आहोत, त्या पंगतीच्या मूळ कायद्यात अळंबीही डुकराइतकीच बाटवणारी आहे. सूकरमद्दवाचा अर्थ काहीही घ्या, मनूच्या न्यायालयात चुंदाची सुटका नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पतित होण्याची ही भीती द्विजांना आहे. दहाव्या अध्यायात मनू म्हणतो की शूद्राला पातक लागत नाही. वरवर पाहता ही मोकळीक वाटेल. पण ती मोकळीक नव्हे. पडायला आधी उंची लागते, आणि ती उंचीच ज्याला नाकारली त्याने काय खाल्ले याची शास्त्राला फिकीर नाही. अन्नाच्या निषेधाने खाणाऱ्याचे पोट सुधारत नाही. त्याने फक्त खाणाऱ्यांच्या रांगा लागतात. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात गोमांसाच्या संदर्भात हाच धागा पकडला होता: अन्नावरून माणसाची जागा कशी ठरविली गेली. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगावच्या स्तंभापाशी आले होते. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्या ज्वाळांत हा पाचवा अध्यायही होता. आपण मात्र त्याची राख चाळून त्यातून एक अळंबी निवडून काढतो आहोत.

आता थोडे माझ्याबद्दल, कारण विषयाची गरज आहे. दौंडकडचा आमचा मुलूख पर्जन्यछायेचा. आर्द्रा-पुनर्वसूचा पाऊस चांगला लागला आणि वर उकाडा झाला तर बांधावरच्या, गायरानातल्या वारुळांवर पांढऱ्या कळ्या फुटत. आजी पहाटे जाऊन पदरात घेऊन येई. तिचे नियम होते. छत्री पूर्ण उमलण्याआधी घ्यायची. लांब मुळी खाली जाते, ती हलक्या हाताने ओढायची, पण वारूळ फोडायचे नाही. फोडले तर पुढल्या साली येत नाही. वारुळावरची एक जात तिला ओळखीची होती, बाकी उकिरड्यावरच्या, कुजक्या लाकडावरच्या छत्र्यांना ती हात लावू देत नसे. हे मुद्दाम लिहितो, कारण चांदीचे नाणे काळे पडते की नाही, लसूण रंग बदलते की नाही, असल्या परीक्षांवर विसंबून दरवर्षी माणसे विषबाधेने मरतात. त्या परीक्षा खोट्या आहेत. आजीचे ज्ञान तसल्या सर्वसाधारण युक्तीचे नव्हते. ते एका जागेचे, एका ऋतूचे आणि एका जातीचे होते. शाळेत एका गुरुजींनी वर्गासमोर “हे लोक कुत्र्याच्या छत्र्याही खातात” असे म्हटले आणि वर्ग हसला. मीही हसलो. आज त्याच रस्त्यावरच्या हॉटेलांत ‘मशरूम मसाला’ शाकाहारी पदार्थांच्या यादीत सर्वांत महाग असतो आणि कोणी हसत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. तोवर आपल्या चुलीला ग्रंथात जागा नव्हती. रानातून वेचून आणलेल्या अन्नाची नोंद आजही फारच थोडी आहे.

ज्याला गुरुजी कुत्र्याची छत्री म्हणाले त्याला विदर्भात सात्या म्हणतात, गोव्यात रोयणीवरची अळमी. रोयण म्हणजे वारूळ. त्याच वारुळाची गोव्यात सांतेरी म्हणून पूजा होते, आमच्याकडे नागपंचमीला होते. वारूळ पूज्य, त्यावर उगवणारे अन्न वर्ज्य. या वारुळात साप शोधणाऱ्या आपल्या समाजाला त्यात शेतकरी राहतात याची कल्पना नव्हती. हे वारूळ वाळवीचे असते. कामकरी वाळवी पालापाचोळा, वाळके लाकूड, गवत खाते. ते पोटातून भराभर बाहेर टाकून ती आपल्या विष्ठेचे सच्छिद्र पोळे रचते आणि त्यात बुरशीचे बी मिसळते. त्या पोळ्यावर बुरशी वाढते, लाकडातील जे वाळवीला पचत नाही ते पचवते, आणि मग वाळवी ती बुरशी व जुने पोळे खाते. पावसाळ्यात याच बुरशीचा देठ जमिनीतून वर येतो. तीच आजीची अळंबी. म्हणून मुळी लांब, आणि म्हणून वारूळ फोडले की पीक बुडते.

वारुळाच्या पोटात बुरशी असते ही नोंद युरोपीय विज्ञानात प्रथम केली ती योहान क्योनिग या वैद्याने, १७७९ मध्ये, तंजावर भागातील वाळवीचे वर्णन करताना. तंजावरला तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. १९४२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी या अळंब्यांना ‘टर्मिटोमायसिस’ असे स्वतंत्र कुळनाम दिले. १९७९ मध्ये मद्रासच्या के. नटराजन यांनी यातील एका भारतीय जातीचे वर्णन करून तिला हाइम यांचे नाव दिले: ‘टर्मिटोमायसिस हायमी’. पुढच्याच वर्षी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने नैर्ऋत्य भारतातील अळंब्यांवर प्रबंध काढला. त्यात महाराष्ट्राचा स्वतंत्र विभाग होता. या विद्वानांनी कष्ट केले, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण ज्यांनी ही अळंबी पिढ्यान्पिढ्या ओळखली, तिचा ऋतू सांगितला, ती कशी जपावी हे सांगितले, त्यांचे नाव कुळातही नाही आणि जातीतही नाही.

यापुढचा भाग जनुकांचा. प्रत्येक पेशीतील डीएनएच्या लांबलचक साखळीत चार रासायनिक अक्षरे असतात. त्यांचा सगळा क्रम म्हणजे जनुकसंच. साखळीचे तुकडे करून ते यंत्राने वाचायचे आणि एकमेकांवर येणाऱ्या कडा जुळवून पुन्हा सांधायचे, अशी ही वाचनाची रीत आहे. मग दोन जीवांचे क्रम शेजारी ठेवले की किती अक्षरे बदलली, कोणती जनुके वाढली, कोणती गळाली हे दिसते, आणि त्यावरून त्यांच्या वंशाच्या फांद्या कोठे फुटल्या याचा अदमास बांधता येतो. १९९६ मध्ये यीस्टचा जनुकसंच वाचला गेला. २००८ मध्ये झाडाच्या मुळांशी राहणाऱ्या ‘लॅकेरिया’ या अळंबीचा वाचला गेला. तिच्यात सुमारे २०,००० जनुके निघाली. माणसातही प्रथिने बनविणारी जनुके साधारण तेवढीच आहेत.

जनुकांच्या तुलनेने पहिला धक्का दिला तो १९९३ मध्येच. अळंबी ही वनस्पती नाही. वनस्पतींपेक्षा बुरशी प्राण्यांना जवळची आहे. दोघांचा सामाईक पूर्वज सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही जुना. तिच्या पेशीभित्तीत खेकड्याच्या कवचातले कायटिन असते, साठवणीचे अन्न आपल्या यकृतातल्यासारखे ग्लायकोजेन असते. म्हणजे सूकरमद्दव मांस की भाजी या वादात ‘अळंबी, म्हणून भाजी’ हे उत्तर मुळातच लटके आहे. शाक आणि मांस या दोन खणांच्या कपाटात ती बसत नाही.

वाळवीच्या अळंबीचा इतिहास याहून नवलाचा आहे. वाळवीच्या शेतीचा उगम आफ्रिकेत, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी, एकदाच झाला, आणि तेथून ही शेती आशियात आली. ती शेती सोडून परत फिरलेला वंश आढळत नाही. टांझानियात या पोळ्यांचे अडीच कोटी वर्षांचे अवशेष दगडात सापडल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाची शेती जेमतेम १०-१२ हजार वर्षांची. २०१४ मध्ये आफ्रिकेतील एक वाळवी, तिची बुरशी आणि तिच्या पोटातील जिवाणू यांचे जनुकसंच एकत्र वाचले गेले, तेव्हा कामाची वाटणी दिसली: लाकडातील गुंतागुंतीची शर्करा तोडण्याची विकरे मुख्यतः बुरशीकडे, आणि शेवटचे लहान तुकडे पचविण्याची जिवाणूंकडे. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे. २०२१ मध्ये या कुळाच्या रानटी नातलगांशी तुलना झाली. त्यांचे पूर्वज वाळवीच्या ताब्यात येण्यापूर्वीच कीटकांच्या विष्ठेवर वाढत असावेत, असा निष्कर्ष निघाला.

मनूने अमेध्यातून उपजलेले म्हटले होते ते निरीक्षण म्हणून खोटे नाही! ही अळंबी खरोखरच विष्ठेतून येते. पण त्या विष्ठेतूनच माणसाच्या शेतीहून हजारो पटींनी जुनी शेती उभी राहिली, पाचोळ्याची माती झाली आणि भुकेल्याला अन्न मिळाले. शास्त्रकाराने पाहिले ते खरे. त्यावरून त्याने जो दंड लावला तो मात्र निसर्गात कोठेही सापडत नाही.

एक शब्द मला येथे टोचतो. वाळवीतील कामकरी, सैनिक, राजा, राणी यांना इंग्रजी जीवशास्त्रात ‘कास्ट’ म्हणतात. आपल्या जातिव्यवस्थेसाठी रूढ झालेला शब्दच कीटकांना लावला गेला आणि आता पाठ्यपुस्तकातून तो उलट आपल्याकडे येतो, जणू जात हीच निसर्गाची रीत. पण कामकरी आणि सैनिक ही एकाच आईबापांची लेकरे. वाढीच्या काळात मिळणारे अन्न आणि रासायनिक संकेत यांनुसार कोणती जनुके जागी होतात यावर त्यांचे रूप मुख्यतः ठरते. सैनिकांचे घराणे वेगळे नसते. जात म्हणजे जन्माने बंद केलेला वर्ग. तसला वर्ग वारुळात नाही, तो फक्त आपल्या गावात आहे.

तरीही एक इशारा द्यावासा वाटतो. जनुकसंचाची नवी स्मृती करू नये. माणसे समान आहेत हे अळंबीकडून वदवून घेण्याची गरज नाही, आणि वाळवीची शेती समतेची असती किंवा नसती तरी आपल्या लढ्यात फरक पडला नसता. शिवाय चुंदाच्या ताटात काय होते हे कोणताही जनुकसंच सांगू शकत नाही. त्या अन्नाचा कणही उरलेला नाही. उरलेले पुरून टाकले होते.

हे सांगण्याचे कारण असे की विद्वानांनाही हा मोह आवरलेला नाही. न्यूयॉर्कमधील बँकेचे अधिकारी आणि अळंबीचे जगप्रसिद्ध अभ्यासक गॉर्डन वॅसन यांनी १९६८ मध्ये वेदातील सोम म्हणजे एक अळंबी असा सिद्धांत मांडला. त्यापूर्वीच्या वर्षी ते आणि वर उल्लेखिलेले हाइम संताळांकडे गेले होते. सालाच्या झाडाखाली पहिल्या पावसात मातीतून निघणारी गोल ‘पुटका’ अळंबी संताळ आवडीने खातात. संताळी भाषेत नामे सजीव आणि निर्जीव अशा दोन गटांत पडतात. भाज्या, झाडे निर्जीव गटात, पण पुटका सजीव गटात! हाइम आणि वॅसन यांनी १९७० मध्ये यावर लेख लिहिला. वनस्पतींच्या रांगेतून अळंबीला बाहेर काढणारी ही भाषा विज्ञानाच्या कितीतरी आधीची आहे. संताळांनी जनुके वाचली होती असे मी म्हणत नाही; त्यांनी नीट पाहिले होते एवढेच.

आणि वॅसन यांनी या पुटक्याचे काय केले? १९८२ मधील बुद्धांच्या अखेरच्या भोजनावरील निबंधात त्यांनी पुटका म्हणजे ब्राह्मणग्रंथांतील ‘पूतिका’, सोमाऐवजी वापरली जाणारी वस्तू, असे जुळवले आणि सूकरमद्दव म्हणजे तीच, असे ठरविले. निबंध वाचनीय आहे, अभ्यास दांडगा आहे. पण परिणाम पाहा. ज्यांनी यज्ञ नाकारला त्यांचे शेवटचे अन्न पुन्हा यज्ञवेदीजवळ नेऊन ठेवले गेले. आणि संताळ स्त्रीने टोपलीत वेचून आणलेली अळंबी तिच्या स्वतःच्या इतिहासाची साक्ष न होता सोमाची साक्ष झाली. कारागिराच्या घरचे जेवण आणि आदिवासींचे रानअन्न जसे आहे तसे इतिहासात का बसू नये? त्याला वेदाचे आडनाव कशाला लागते?

पुटक्यासारख्या, झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या अळंब्यांबद्दल २०१५ मध्ये अनेक जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. लाकूड-पाचोळा कुजविणाऱ्या पूर्वजांपासून हे सहजीवन वेगवेगळ्या वंशांत अनेकदा, स्वतंत्रपणे उत्पन्न झाले, आणि दर वेळी लाकूड कुजविणारी पुष्कळशी जनुके गळून गेली. म्हणून पुटक्याला साल हवा, आणि आजीच्या अळंबीला वाळवी हवी. धिंगरीसारखी पिशवीत काड भरून ती काढता येत नाही. तिला वारूळ लागते आणि वारुळाला न नांगरलेली जमीन लागते.

ती जमीन आमच्याकडे कोणती होती? गायरान, माळ, बांध. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केला तो अशा पडीक जमिनी कसायला मिळाव्यात म्हणून. त्या मागणीत भाकरी होती आणि ती रास्त होती. ज्याला वीतभर रान नाही त्याचे पावसाळ्यातले कालवण या जमिनींवर उगवत होते, ही बाजू मात्र आपल्या चळवळीने फारशी लिहून ठेवली नाही. आता कोरेगाव भीमापासून सणसवाडी, रांजणगावपर्यंत पुणे-नगर रस्त्याच्या कडेने कारखाने, गोदामे आणि प्लॉट पडले आहेत. १८१७ च्या शेवटच्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण याच मुलखातून कोरेगावला चालत आली होती. तेव्हाच्या माळाचा फारच थोडा तुकडा उरला आहे.

त्या विद्यार्थ्याला मी हे सगळे एका तासात सांगू शकलो नाही. पुढे जुलैत एक दिवस तो वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन अळंब्या घेऊन आला. वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याने नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, जमीन यांची नोंद करायला सांगितली. ‘वारूळ, बांधाकडेचे’ असे त्याने लिहिले. ‘संग्राहक’ या शब्दाशी तो थांबला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “सर, मी नुसता घेऊन आलो. जागा आजीला माहीत होती. तिचं नाव लिहिलं तर चालेल का?” सहकाऱ्याने विचारले, “आडनावासकट सांग.” मुलाला आजीचे माहेरचे आडनाव आठवेना; ते विचारायला तो घरी फोन करीत बाहेर गेला.